न पडलेला पाय

"अजून दिसतो का हो डाग, आक्का?"

वैजयंतीने विचारलं, आणि मांडीवरचा धोतराचा तुकडा अलगद उलगडला.

आक्कांनी मान वर केली नाही. त्या चिंचा फोडत होत्या. पुढ्यात चिंचांचा ढीग, एका अंगाला चिंचोके, दुसऱ्या अंगाला गर.

"कसला डाग?"

"ओरखडा होता. गाडी घसरली तेव्हाचा."

"आणि हे काय आहे?"

"गाडीचा पाय," मागून रेवा म्हणाली. वैजयंतीची धाकटी बहीण. तिच्या कुशीतही तसंच एक गाठोडं होतं. "एक हिने आणला, एक मी. एसटीत कंडक्टर म्हणाला, जुळी आहेत का?"

आक्का हसल्या.

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या त्या दोन नळ्या. गॅरेजात त्याला फोर्क म्हणतात. या दोघी बहिणी मात्र पायच म्हणायच्या.

माणदेशातली उजाड टेकडी. वर चार खणांचा मठ. त्यात आक्का एकट्या राहत. कुणी गुरू म्हटलं तर त्या म्हणत, गुरू खाली शाळेत आहेत, पगार घेतात. तरी लोक चढण चढून विचारायला येत. वैजयंती तर गाडी घसरल्यापासून दर आठवड्याला येत होती. येऊन बसायची. कधी विचारायची, कधी नुसतीच बसायची; गाडीचं मात्र कधी सविस्तर बोलली नव्हती.

"बसा. आणि हात चालवा."

मठाची रीतच ती. आलेल्याने चाललेल्या कामाला हात लावायचा. रेवाने गाठोडं भिंतीला टेकवलं, फतकल मारली आणि चिंच उचलली.

वैजयंती तशीच बसून राहिली.

"तू गं?"

"हात चिकट होतील. मग ते याला लागेल."

आक्कांनी पुढची चिंच फोडली.

"तुम्ही एकदा बघून सांगा ना... डाग दिसतो का."

"मला दिसतंय होय? तू आहेस एवढं कळतं. तेही हललीस तर."

"हेच मी एसटीत सांगत होते," रेवा म्हणाली. "आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ही त्यांना डाग शोधायला लावणार."

"आक्कांना कळतं," वैजयंती म्हणाली.

"हिचा बाकी कुणावर विश्वास नाही, आक्का. माझ्यावर तर नाहीच नाही. म्हणून ठरलंय आमचं. तुम्ही म्हणालात डाग गेला, की गाडी जोडायची."

"आणि नाही म्हणाले तर?"

रेवाने चिंचोका बाजूला टाकला.

"मग माझं काम गेलं."

"कसलं काम?"

"शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायचं. वाड्या-वस्त्यांवर फिरून. सोमवारी हजर व्हायचंय. स्वतःची गाडी असेल तरच या म्हणालेत, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. आता मेंढरं काय एसटी स्टँडवर येणार आहेत?"

"गाडी कुठाय?"

"न्हाणीघराशेजारी. विटांवर. पुढचं चाक नाही, पाय नाहीत. बैल पुढून खाली बसावा ना, तशी बसलीय. दिवाळीपासून."

चैत्र अर्धा सरला होता.

"काम अर्धवट करून चालत नाही, आक्का," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. ती कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. अर्धवट धुतलेली परीक्षानळी ती कुणाला परत मांडू देत नसे. "गॅरेजवाला म्हणाला, रंग मारून देतो. पण रंगाखाली ओरखडा राहतोच की. म्हणून मी स्वतः खोललं सगळं. आतलं तेल बदललं, सील बदलले. आणि हे घरीच घासलं."

"कशाने घासतात?"

वैजयंती सरसावून बसली. या प्रश्नाची तिला वाटच होती.

"आधी वरचा थर औषध लावून काढायचा. मग वॉटर पेपर. पाण्यात भिजवून घासायचा कागद असतो. पहिला खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक कागद आपले ओरखडे मागे सोडतो. ते पुढच्या कागदाने काढायचे."

"म्हणजे ओरखडे काढायला ओरखडेच?"

"हो. फक्त बारीक बारीक होत जातात."

"आणि शेवटच्या कागदाचे? ते कशाने जातात?"

"ते जात नाहीत. दिसेनासे होतात."

आक्कांनी एक चिंच फोडली. आत किडकी निघाली. ती त्यांनी अंगणात भिरकावली.

"आणि तो मोठा? पडल्याचा?"

"तो काढता येत नाही."

"मग?"

"लोकांना वाटतं ओरखड्यावर घासायचं. तसं केलं तर तिथे खळगा पडतो, बोटाला लागतो. ओरखडा खोल असतो ना, आक्का. म्हणून त्याच्या भोवतीचं सगळं घासायचं. पार त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं. की तो उरतच नाही."

हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. कॉलेजातल्या मुलांना ती असंच सांगत असेल.

आक्कांचे हात थांबले.

"भोवतीचं सगळं?"

"सगळं."

"भोवतीच्याने काय केलं होतं?"

"केलं काहीच नव्हतं... पण असंच करतात."

"बरं."

पुन्हा चिंचा फुटू लागल्या. कट्. कट्. खालच्या रानात कुणीतरी मेंढरांना शीळ घालत होतं.

"बघू," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात नका लावू."

शब्द तोंडातून निसटले होते. वैजयंतीने नळी छातीशी ओढली होती, लहान मुलाला गाडीसमोरून ओढावं तशी.

रेवाने हातातली चिंच खाली ठेवली.

"ताई..."

आक्कांचा हात तसाच पुढे होता. बोटांना गर लागलेला. त्यांनी तो वळवून स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला, नीट पाहिला.

"खरंच की. माखलाय."

त्या उठल्या. तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. नखं चोळली. पदराला हात पुसले. पुन्हा येऊन बसल्या, आणि दोन्ही तळवे वैजयंतीपुढे उघडे धरले. जेवायला बसण्याआधी लेकरू आईला दाखवतं, तसे.

"आता?"

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नळी त्यांच्या तळव्यांवर ठेवली.

"चुकलं, आक्का. मी हल्ली... कुकरची शिट्टी झाली तरी दचकते."

"कुकरला सांगू या, हळू वाजव म्हणून."

रेवा फिसकन हसली. वैजयंतीही, पण अर्धीच.

आक्कांनी डोळे मिटले. बोटं नळीवरून फिरली. वरून खाली, मग गोल, मग पुन्हा वर. बराच वेळ.

"गुळगुळीत आहे."

"आणि डाग?"

"नाही लागला."

"नक्की?"

"नाही लागला, पोरी."

रेवाने श्वास सोडला. "झालं. चला. साडेचारची एसटी मिळते."

वैजयंती उठली नाही. ती नळीकडे बघत होती.

"वरच्या अंगाला एक जागा आहे. तिरप्या उन्हात धरलं की एक रेघ चमकते. अगदी केसाएवढी. बोटाला नाही कळणार."

"घ्या," रेवा म्हणाली. "आता आक्कांवरचाही विश्वास उडाला."

"तसं नाही गं. एक आठवडा दे. शेवटचा."

"शेवटचा मागचा होता."

"घाईत जोडली आणि काही झालं तर?"

"रेघेने काय होणार आहे, ताई? रेघ रस्त्यावर उतरून मला पाडणार आहे?"

वैजयंतीने हात मांडीवर ठेवले. तिच्या बोटांची टोकं पांढरी, भेगाळलेली होती. पाण्यात राहून राहून.

आक्का म्हणाल्या, "तो दुसरा आण."

रेवाने भिंतीशी टेकवलेलं गाठोडं आणून सोडलं. आक्कांनी पहिली नळी डाव्या मांडीवर घेतली, दुसरी उजव्या. दोन्ही हात एकदम फिरवले.

"हाही तसाच."

"अगदी तसाच," वैजयंती म्हणाली. "केसभराचा फरक नाही दोघांत."

"हा कधी पडला?"

"हा नाही पडला. गाडी डाव्या अंगावर घसरली. हा उजवा."

"याला ओरखडा?"

"नव्हता."

"मग हा का घासला?"

वैजयंतीने रेवाकडे पाहिलं, मग आक्कांकडे.

"जोडी आहे ना."

"म्हणून?"

"एक चकचकीत, दुसरा तसाच. बरं दिसेल का?"

"नुसता चकचकीत करायला दोन दिवस पुरले असते," रेवा म्हणाली. "तो जेवढा झिजला, तेवढाच हिने हाही झिजवलाय. कॉलेजातून मोजायचं आणलं होतं. रोज मोजायची. आज तो जास्त झिजला, की उद्या हा. मग हा जास्त झाला, की परत तो."

"सारखे नकोत का व्हायला?" वैजयंती म्हणाली.

 दोन्ही नळ्या आक्कांच्या मांडीवर होत्या. दारातून आलेलं ऊन त्यांच्यावरून छताला लागलं होतं आणि तिथे पाण्यासारखं हलत होतं.

"गाडी घसरली तेव्हा मागं कोण होतं?"

"रेवा."

"हिला लागलं?"

"खरचटलंसुद्धा नाही. माझा कोपर सोलला, तोही थोडासा. मी खाली बसूनच राहिले. पाय उचलेनात. हिने मला उठवलं, गाडी उभी केली. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता, त्याला हात करून थांबवलं..." तिला दम लागला. "तो थांबला. पण नसता थांबला तर."

"थांबला," रेवा म्हणाली.

"नसता थांबला तर, म्हणतेय मी."

आक्का रेवाकडे वळल्या.

"तुला येते का गं गाडी?"

"येते की. ताईनेच शिकवली. शेताच्या बांधावरून न्यायला लावायची, म्हणायची, इथे जमलं की जगात कुठेही जमेल."

"भीती वाटते?"

रेवाचं तोंड उघडलं. एखादी कोटी ओठावर आली असावी. ती बाहेर पडली नाही.

तिने एक चिंच घेतली. फोडली नाही. हातात फिरवत राहिली.

"आधी नव्हती वाटत."

"पडायच्या आधी," वैजयंती म्हणाली.

"नाही. पडल्यावरही नव्हती. ट्रॅक्टरवाला म्हणाला सोडतो तुम्हाला, तर मीच म्हटलं, गाडी चालू आहे, मी नेते. तू नाही म्हणालीस. म्हणून ट्रॅक्टरमधून आलो आपण."

"मग कधी वाटायला लागली?" आक्कांनी विचारलं.

"नंतर. घरी."

"कशाची?"

"तसं काही नाही सांगता येणार. ताई घासत बसते आणि मी शेजारी भांडी घासत असते. ती सांगत असते. वळणावर खडी असते. कुत्रं आडवं येतं. पुढचा माणूस हात न दाखवता वळतो. खोटं काही नाही सांगत ती. सगळं असतंच तसं." ती थांबली. "परवा सायकलवरून दळण आणायला गेले होते. पिंपळाजवळ वळण आहे ना, तिथे खडी दिसली. उतरले. हातात धरून नेली सायकल. पुढे रस्ता सरळ होता, तरी बसले नाही. घरापर्यंत चालत आले. दळण घेऊन."

"मला नाही बोललीस," वैजयंती म्हणाली.

"काय बोलायचं त्यात."

"सायकल तर तूच मला शिकवलीस..."

"हो."

"तुला कधीच भीती नव्हती..."

"हो ना."



खाली मेंढरं लांब गेली होती. शीळ ऐकू येईनाशी झाली.

वैजयंतीची नजर आक्कांच्या उजव्या मांडीवर गेली. ती तिथेच राहिली. मग तिने हात पुढे केला आणि त्या नळीवर एक बोट ठेवलं. पुसायला नाही. नुसतं ठेवलं.

"हे परत भरून येत नाही, आक्का," ती हळू आवाजात म्हणाली. "गेलं ते गेलं."

"किती गेलं?"

"कागदाच्या जाडीएवढं."

"त्याने मोडेल का हा?"

"नाही."

"वाकेल?"

"नाही. आत भरपूर जाड आहे. ताकद तेवढीच आहे याची." तिने ओठ पुसले. "...तेवढीच आहे."

"मग जोड."

"आज?"

"दिवस आहे अजून."

आक्कांनी दोन्ही नळ्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळल्या. गाठी मारल्या. डावी रेवाच्या हातात दिली. उजवी वैजयंतीच्या.

"आक्का, उलटं झालं," रेवा म्हणाली. "उजवा मी आणला होता."

"असू दे."

दोघी उठल्या. पाया पडल्या. आक्कांनी चिंचा पुन्हा पुढ्यात ओढल्या.

"उद्या या. एवढ्या चिंचा माझ्याने एकटीने उरकत नाहीत."

"एसटीने ना?" वैजयंतीने विचारलं.

"गाडी जोडलेली असेल की."

वैजयंती उंबऱ्याशी उभी राहिली. गाठोडं तिने कुशीत घेतलं होतं. ती ताठ झाली.

"ठीक आहे. मी चालवते. सोमवारीही मीच सोडते हिला. रोज सोडते. कॉलेजात सांगेन उशिरा येते म्हणून. एवढं मला केलंच पाहिजे. हिला मागे बसवून, हळूहळू..."

"नको."

"का?"

"ती चालवेल."

रेवाने दचकून आक्कांकडे पाहिलं. दचकायची ती पहिलीच वेळ असावी तिची, त्या मठात तरी.

"पण आता तिलाही भीती वाटते, आक्का," वैजयंती म्हणाली. "आत्ताच म्हणाली ना ती."

"म्हणाली."

"मला तर वाटतेच. दोघींना वाटते. मग निदान मी मोठी..."

"तू मागं बस."

चिंच फुटली. चिंचोके एका अंगाला पडले.

वैजयंती हलली नाही. अंगणात रेवा चपला घालत होती, एका हाताने, दुसऱ्या हातात गाठोडं सांभाळत. पट्टा लागत नव्हता. वैजयंती तिकडे बघत राहिली. एकदा तिने काही सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

पट्टा लागला.

"मागं बसून मी काय करू, आक्का?"

आक्कांनी पुढची चिंच उचलली.

"मागं बसणाऱ्याला काय काम असतं गं?"